अयुथयाला चौथ्यांदा कसं जावं

बँकॉकला जाऊन आलेला माणूस आता नागपुरात दर गल्लीत सापडतो. त्यातल्या बऱ्याच जणांनी अयुथयाही ‘केलेलं’ असतं. हाच शब्द वापरतात, एकादशी केल्यासारखा. ‘अर्ध्या दिवसात होते जी,’ असंही सांगतात. होतं, खोटं नाही. आम्हीही पहिल्यांदा अर्ध्या दिवसातच केलं, म्हणून तर नंतर तीनदा जावं लागलं.

मी शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. आमचे हे अजनीच्या लोको शेडमधून निवृत्त झाले. दोघांची पेन्शन आहे, मुलगा पुण्याला आहे, गुडघे अजून आपलं वजन आपण उचलतात. दरवर्षी नवा देश बघायची आमची ऐपत नाही आणि आता तशी हौसही उरली नाही. पण नोव्हेंबर २०१४, जानेवारी २०१७, ऑक्टोबर २०२२ आणि एप्रिल २०२४ अशा चार खेपा झाल्यावर प्रतापनगरच्या बागेत रोज कोणीतरी विचारायला लागलं, ‘काहून हो मॅडम, पुन्हा तिथंच?’ त्यांना दरवेळी उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. एकाच जुन्या शहरात परत परत जायचं तर काय करायचं, काय राखून ठेवायचं, कशात पैसा घालवायचा नाही. उदाहरण अयुथयाचं, कारण मला तेवढंच येतं.

आधी नकाशा डोक्यात बसवा. पूर्वेला पासाक, उत्तरेला लोपबुरी, पश्चिमेला आणि दक्षिणेला चाओ फ्राया. या तीन नद्यांच्या मधलं बेट म्हणजे जुनं शहर. १३५० च्या सुमारास उ थोंग नावाच्या राजानं इथे राजधानी वसवली, स्वतःला रामाधिपती म्हणवून घेतलं आणि शहराला नाव दिलं आपल्या अयोध्येवरून. चारशेहून जास्त वर्षं ती सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, राजधानी होती. आपलं पानिपत १७६१ चं. त्यानंतर सहा वर्षांनी, एप्रिल १७६७ मध्ये, चौदा महिन्यांच्या वेढ्यानंतर बर्मी फौजेनं हे शहर जाळलं. राजधानी नदीनं खाली सरकली, आधी थोनबुरीला, मग बँकॉकला, आणि बँकॉकच्या तटासाठी इथल्याच विटा काढून नेल्या. म्हणजे अर्धं शहर जळालं आणि उरलेल्यातलं बरंचसं बांधकामाला गेलं. आज जे दिसतं ते यातून वाचलेलं.

थाई भाषेत विहाराला ‘वाट’ म्हणतात. यांनी पहिल्याच दिवशी म्हणून घेतलं, ‘इथं तर पावलापावलावर वाट लागते.’ हा विनोद मी चार खेपा ऐकला आहे. तुम्ही एकदा ऐकलात, आता पुढे जाऊ.

पहिली खेप बिघडवू नका

आमची बिघडली होती. टूरची बस बँकॉकहून निघून अकराच्या उन्हात पोचली. अडीच तासांत तीन वाट, मग जेवण, मग दागिन्यांचं दुकान. वाट फ्रा सी सानफेटला ओळीनं तीन मोठे स्तूप आहेत. तीन राजांच्या अस्थी त्यात ठेवलेल्या. मी वही काढून बसले. दोन स्तूप झाले आणि बसचा हॉर्न वाजला. गाइड हातात झेंडी घेऊन ‘मॅडम, मॅडम’ करत आला. ते पान अजून तसंच आहे, दोन स्तूप आणि बाजूला कोरी जागा.

तुम्ही हे करू नका. पहिल्याच वेळी किमान दोन रात्री अयुथयातच मुक्काम करा. दिवसाच्या बसगाड्या चारच्या सुमारास परतायला लागतात आणि साडेचारनंतर विटांचा रंग बदलतो. बस गेल्यावरचा हा दीड तास आणि सकाळी दार उघडल्यावरचा पहिला तास, एवढ्यासाठीच तिथे राहायचं. मधल्या वेळात झोपा.

जाण्याची आमची रीत अशी. नागपूर ते हावडा रेल्वेनं, यांच्या निवृत्तीच्या पासवर. तिथून अडीच तासांचं विमान, आणि ते बँकॉकच्या डॉन म्युआंग विमानतळावर उतरणारंच घ्यायचं. बँकॉकला विमानतळ दोन आहेत. डॉन म्युआंग शहराच्या उत्तरेला आहे, अयुथयाच्या वाटेवर, आणि रेल्वे स्टेशन समोरच, पुलावरून चालत जायचं. बँकॉकमध्ये पाऊलही न टाकता तासा-दीड तासात अयुथया. नंतर परतताना हवं तर बँकॉक बघा. साध्या गाडीच्या तिसऱ्या वर्गाचं तिकीट इतकं स्वस्त असतं की यांना दरवेळी वाटतं खिडकीवरच्या बाईनं चूक केली. जलद गाडीला जास्त पडतात, पण आपल्याला घाई कसली?

तिकिटाच्या खिडकीवर एक गंमत झाली ती सांगते. थाईत रेल्वेला ‘रोत फाय’ म्हणतात. रोत म्हणजे आपला रथ, फाय म्हणजे आग. हे दोन मिनिटं थांबले आणि मग अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘म्हंजे आगगाडीच की वो!’ त्यानंतर त्यांनी देशाला आपलं मानलं. स्टेशनला ‘सथानी’ म्हणतात, तेही आपलंच. थायलंडची सरकारी रेल्वे सुरू झाली तीसुद्धा १८९६ मध्ये, बँकॉक ते अयुथया याच मार्गानं. हे लगेच म्हणाले, ‘नागपूरले १८६७ लेच आली होती.’ बरं.

अयुथया स्टेशन पासाकच्या पूर्व काठावर आहे, बेटावर नाही. स्टेशनातून बाहेर पडून सरळ चाला, मोठा रस्ता ओलांडा, समोर धक्का. काही बाट देऊन होडी पलीकडे सोडते. टुकटुकवाले, म्हणजे तिथले रिक्षावाले, स्टेशनातच गाठतील आणि होडी बंद आहे म्हणतील. बंद नसते. या टुकटुकांचं नाक पुढे बेडकासारखं असतं, दिसायला गोड आहेत, दुसऱ्या दिवशी बसा.

व्हिसाबद्दल मी काही छापील सांगणार नाही, कारण आमच्या खेपांमध्ये नियम सारखे बदलले. तिकीट काढायच्या आदल्या दिवशी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा. १ मे २०२५ पासून आगमनाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. तो फुकट असतो. पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी.

आता राखून ठेवण्याचं

परत जायचं असेल तर पहिल्या खेपेत एक मोठी गोष्ट मुद्दाम बघायची नाही. चुकून राहिलेली वेगळी, ठरवून राखलेली वेगळी. चुकून राहिली की चुटपुट लागते, आणि पुढच्या वेळी माणूस ती घाईघाईनं वसूल करायला धावतो. २०१७ ला मी तेच केलं. सामान टाकलं आणि वही घेऊन तिसरा स्तूप काढायला धावले. जुनी जागा शोधली, बसले, आणि बघते तर तिथून तिसरा स्तूप अर्धा झाडाआड! म्हणजे बस थांबली असती तरी चित्र काही पूर्ण होणार नव्हतं. तेव्हापासून अर्धं चित्र पूर्ण करायला जायचं नाही, कोरं पान घ्यायचं, हा माझा नियम.

मग आम्ही ठरवून राखायला लागलो. २०१७ ला राखलं वाट राचाबुराना आणि त्यातलं सोनं. हा विहार १४२४ चा. गादीसाठी दोन थोरल्या भावांनी हत्तीवरून द्वंद्व केलं, दोघंही मेले, आणि गादी मिळालेल्या तिसऱ्यानं त्यांच्या दहनाच्या जागी तो बांधला. १९५७ मध्ये चोरांनी त्याच्या गाभ्यात भुयार खणलं आणि खाली मिळालं सोनं, राजाच्या तलवारीसकट. चोर पकडले गेले, बरंचसं परत आलं, आणि त्याच तळघरात सापडलेल्या, बुद्धाची आकृती उमटवलेल्या छोट्या मुद्रा भाविकांना देऊन जमलेल्या पैशातून चाओ साम फ्राया संग्रहालय उभं राहिलं, १९६१ मध्ये. आता यात क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण आधी संग्रहालयात सोनं बघतात. तुम्ही उलटं करा. आधी विहाराच्या उभ्या, अरुंद जिन्यानं त्या तळघरात उतरा. एका वेळी दोनच माणसं मावतील असं, दमट, भिंतीवर फिकट झालेली चित्रं. वर आल्यावर घामानं सदरा चिकटतो. दुसऱ्या दिवशी संग्रहालयात जा. मग तो हाताएवढा सोन्याचा हत्ती बघताना तो कुठल्या अंधारात पाचशे वर्षं बसला होता हे अंगाला माहीत असतं. गुडघे दुखत असतील तर उतरू नका, यांनी उतरायला नको होतं.

एक गोष्ट तीच

राखायचं तसंच एक गोष्ट दर खेपेला तीच करायची. त्याच जागी, त्याच वेळी, तेच. नाहीतर बदल कळणार कशावरून? माझी मोजपट्टी म्हणजे पासाकच्या काठावरचा एक पायऱ्यांचा धक्का. जानेवारी २०१७ मध्ये सहज मोजल्या होत्या, पाण्याच्या वर अकरा कोरड्या पायऱ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये गेलो तर दोन. तिसरीवर पाणी चुबुकचुबुक करत होतं आणि एक बाई तिथेच बसून माशांना पाव टाकत होती, जणू काही झालंच नाही. पश्चिम काठावरच्या वाट चायवत्थनारामला नदीच्या बाजूनं पुराच्या भिंती उभ्या केल्या होत्या. २०११ च्या महापुरात तो पाण्यात गेला होता, तेव्हापासूनची ही खबरदारी. आसपासच्या वस्तीत लोक घराच्या दारात होडी बांधून होते. आपल्याकडे नाग नदीला पूर आला की आपण घरातलं सामान माळ्यावर टाकतो आणि महानगरपालिकेला शिव्या घालतो. इथे काठावरची जुनी घरंच खांबांवर बांधलेली, खालचा मजला पाण्यासाठी सोडलेला. अकरा पायऱ्या मोजल्या नसत्या तर मी एवढंच म्हटलं असतं की पाणी खूप होतं.

तुमची मोजपट्टी वेगळी असेल. यांची म्हणजे स्टेशनाचं बाकडं. संध्याकाळी पाच ते सहा फलाटावर बसून गाड्या बघणं. इथली लाईन मीटर गेज आहे. आपली नागपूर-नागभीडची छोटी लाईन बंद झाल्यापासून यांना रुंद नसलेल्या रुळांचं फार अप्रूप. छोटी लाईन याहूनही अरुंद होती हे मला दर खेपेला समजावून सांगतात. वेगवान गाडीची नवी लाईन इथूनच जाणार आहे आणि तिच्या स्थानकानं वारसास्थळाला धक्का लागेल का यावर तिथे वाद झाला, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. देवळातल्या पाटीवर हे लिहिलेलं नसतं.

मुक्कामही त्याच घरी करा, जमल्यास त्याच खोलीत. आमची मालकीण माझ्याहून मोठी, तिला सगळे ‘पा’ म्हणतात, म्हणजे आईची नाहीतर बापाची थोरली बहीण. मीही म्हणते. दुसऱ्या खेपेला मी संत्रा बर्फी नेली होती. तिनं एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि डबा उचलून आत ठेवून दिला, पाहुण्यांना काही दाखवला नाही. तिसऱ्या खेपेला कोविडनंतर गेलो तेव्हा तिनं दारातच आधी पिशवीकडे बघितलं. बर्फी नेताना डबा कापडात गुंडाळा, विमानात तेल सुटतं.

दर खेपेला एक प्रश्न

यादी करून जाऊ नका, प्रश्न घेऊन जा. एकच, आणि तोही साधा. २०१७ चा माझा प्रश्न होता, हे सगळं कशाचं बांधलंय? त्यासाठी निघण्यापूर्वी आम्ही मनसरला जाऊन आलो होतो. हिडिंबा टेकडीवर वाकाटकांच्या काळातलं विटांचं बांधकाम आहे. रामटेकला जाताना लोक गाडीतूनच बोट दाखवून पुढे जातात. तिथली वीट हाताळून, डोळ्यात साठवून गेले, म्हणून अयुथयात विटा दिसल्या. एरवी ‘पडझड झालेली देवळं’ एवढंच दिसतं. इमारती जवळजवळ सगळ्या भाजलेल्या विटांच्या, वरून चुन्याचा गिलावा, आणि नक्षी आहे ती त्या गिलाव्यातली. गिलावा गेला की नक्षी गेली, राहतो तो नुसता लाल सांगाडा. वाट चायवत्थनारामला, १६३० चा हा विहार, मधल्या उंच शिखराभोवतीच्या खोल्यांमध्ये डोकी नसलेले बुद्ध ओळीनं बसलेत. एकाजवळ मी तासभर बसले. मानेच्या जागी विटांचा गाभा उघडा, खांद्यावर गिलाव्याचा एक तुकडा चिकटलेला, त्याच्या कडेला चिवराची एक घडी, करंगळीएवढी. बाकी अंगावर काहीच नाही. त्या एका घडीवरून कारागिराचा हात कळतो. मी शाळेत पोरांना पडद्याच्या चुण्या काढायला लावायची, तेव्हा कोणी इतकी सरळ काढली नाही.

डोकी काही लढाईत गेली, पुष्कळशी नंतर चोरीच्या बाजारात. त्यामुळे तिथे एक नियम आहे तो पाळा, बिनडोक्याच्या मूर्तीमागे उभं राहून आपलं डोकं ठेवून फोटो काढायचा नाही. पाट्या लावल्यात, तरी लोक करतात. वाट महाथातला झाडाच्या मुळांत गुंतलेलं ते प्रसिद्ध मस्तक आहे, तिथे फोटो काढताना खाली बसायचं, आपलं डोकं बुद्धाच्या डोक्याहून वर जाता कामा नये. नागपूरच्या माणसाला हे सांगावं लागू नये, पण आपल्याच गावचा एक घोळका मी तिथे उभ्यानं सेल्फी घेताना पाहिला आहे, आणि बोलीवरून ओळखला.

दुसरा प्रश्न पाण्याचा होता, तो वर आला. तिसरा होता, इथे बाहेरून कोण कोण आलं? या एका प्रश्नानं मला बेटाच्या बाहेर नेलं, दक्षिणेला, जिथे बस जात नाही. पोर्तुगीज १५११ मध्येच पोचले होते. त्यांच्या वस्तीत चर्चच्या पायाशी सांगाडे उघडे ठेवलेत. नदीच्या पलीकडच्या काठाला जपान्यांचं गाव, जवळ डचांची वखार. फारसी व्यापारी होते, चिनी होते. ग्रीक देशाचा एक माणूस, कॉन्स्टंटाइन फॉल्कन, नाराय राजाच्या दरबारात इतका वर चढला की १६८८ मध्ये त्याचं डोकं उडवावं लागलं. त्याच्या बायकोची आठवण मात्र मिठाईच्या दुकानात टिकली आहे. अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या सोनेरी शेवया आणि थेंब तिथे मिळतात, ते पोर्तुगीज वळणाचे पदार्थ तिनं रुजवले असं मानतात. मी अंडं खात नाही, हे म्हणाले चांगले आहेत, फार गोड.

याच भागात वाट फनान चोएंग. १३२४ चा, म्हणजे राजधानी वसण्याच्या आधीचा. आत एकोणीस मीटरचा बसलेला बुद्ध, आणि हा पडका नाही, गजबजलेला आहे. लोक चिवराचं कापड आणतात. मूर्तीच्या मांडीवर चढलेली माणसं ते वर ओढून घेतात, खांद्यावर पांघरतात आणि मग लांबलचक भगवं कापड खाली बसलेल्यांच्या डोक्यांवरून सोडतात. मी मागे उभी होते, कोणीतरी हाताला धरून आत बसवलं. क्षणभर सगळं भगवं झालं, अगरबत्तीचा आणि नव्या कापडाच्या खळीचा वास. पडके विहार बघून दमलात की मध्येच एक चालता विहार घ्या. डोळ्यांना आराम पडतो.

कोणत्या महिन्यात

परत जाण्यात महिना बदलणं ही अर्धी मजा आहे. नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यांनाच चांगला. जानेवारी २०१७ मध्ये राजा भूमिबल वारून तीन महिने झाले होते आणि अख्खं गाव काळ्या कपड्यांत होतं; होडीवाला काळा, भाजीवाली काळी. मी नेमका पिवळाधमक ड्रेस घालून उतरले होते. आमच्या मालकिणीनं, ‘पा’नं, दुसऱ्या सकाळी न बोलता एक काळी ओढणी खुर्चीवर ठेवली.

नोव्हेंबरात कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास लोय क्राथोंग असतो. केळीच्या खोडाच्या चकतीवर पानाफुलांचं द्रोण करून, दिवा लावून नदीत सोडतात. त्याच रात्री रामटेकच्या गडावर त्रिपूर जळत असतो. मी अजून हा सण तिथे केलेला नाही, दोन्हीकडे एकाच रात्री कसं असणार?

एप्रिल मात्र विचार करून घ्या. आम्ही म्हटलं, आपण पंचेचाळीस अंशांची माणसं, आपल्याला काय ऊन सांगता? पण आपलं ऊन कोरडं असतं, डोक्याला दुपट्टा बांधला, कांदा खिशात टाकला की निभतं. तिथे घाम वाळतच नाही. एप्रिल २०२४ मध्ये पारा चाळिशीला टेकला होता आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता हे वाट फ्रा रामच्या तळ्याकाठी चक्क मटकन बसले. एका फळवालीनं बर्फाची पिशवी मानेवर ठेवली. त्यातच १३ एप्रिलपासून सोंगक्रान, म्हणजे आपली संक्रांतच, मेष संक्रांत. रस्त्यावर सगळे एकमेकांवर बादल्या ओततात. मी वही प्लास्टिकमध्ये घातली होती, पण पेन्सिलीसाठी पिशवीचं तोंड उघडं ठेवलं होतं. पंधरा पानं गेली. वही जाड झिपच्या पिशवीत, आणि सोंगक्रानचे तीन दिवस ती खोलीतच.

खाणं, सायकल आणि इतर

सावजी पचवणाऱ्याला थाई तिखटाची भीती नाही. प्रश्न शाकाहाऱ्यांचा, कारण भाजीतही माशाचा रस घालतात. ‘माय साय नाम प्ला’ पाठ करा, म्हणजे माशाचा रस घालू नका. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं तर ते ‘जे’चं दुकान, मांस-मासे-अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आम्ही पोचलो तेव्हा त्यांचा शाकाहारी सण चालू होता आणि सगळीकडे पिवळे झेंडे. माझी चंगळ, यांचा उपास. शाकाहारीला तिथे ‘मांगसवीरात’ म्हणतात. हळू म्हणून बघा: मांस-विरति. बोटीतल्या नूडल्सच्या रश्शात रक्त घालतात, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं. नदीतल्या मोठ्या कोळंबीचा भाव वजनावर असतो, यांनी न विचारता सांगितली होती. एकदाच.

रोती साय माय मात्र चुकवू नका. मोठ्या रुग्णालयासमोरच्या रस्त्यावर ओळीनं दुकानं आहेत, बहुतेक मुसलमान कुटुंबांची. साखरेच्या केसांसारख्या लड्या, आपले म्हातारीचे केस, पण ओढून ओढून केलेले, जरा चिवट. त्या हिरवट पातळ पोळीत गुंडाळून खायच्या. पोळी करताना बघा. बाई चिकट पिठाचा गोळा तळहातावर सतत नाचवत ठेवते, तापल्या तव्यावर क्षणभर टेकवते आणि उचलते, तव्यावर पापुद्रा राहतो. आपल्याकडे उपड्या मडक्यावर लांब पोळी टाकणाऱ्या बाया बघितल्या आहेत ना, तोच प्रकार, फक्त मडकं नाही. मी त्या हाताची सात चित्रं काढली, एकही जमलं नाही.

सायकल भाड्यानं घ्या, बेट सपाट आहे. पण अनामत म्हणून पासपोर्ट देऊ नका. २०१७ ला आम्ही दिला, संध्याकाळी परत आलो तर दुकानाला कुलूप, आणि आमची गाडी सकाळी सहाची. ‘पा’नं फोनवर फोन करून मालकाला जेवणावरून उठवलं. पासपोर्टची छायाप्रत नाहीतर थोडी रोख द्या, घेतात. सायकलची साखळी आधी बघून घ्या. आमच्याकडे लोको शेडचा माणूस होता, तुमच्याकडे नसेल.

मुख्य सहा ठिकाणांचं एकत्र तिकीट मिळतं, मागच्या खेपेला २२० बाट होतं, तेव्हा बाट सव्वादोन रुपयांच्या आसपास होता. पण परत परत जाणाऱ्यानं ते घेऊ नये असं माझं मत. तिकीट घेतलं की सहाही वसूल करावेसे वाटतात आणि पुन्हा बसच्या मागे लागल्यासारखं होतं. दिवसाला एक, सुटं तिकीट. खांदे-गुडघे झाकलेले, विटांवर चढायचं नाही. हत्तीवर बसू नका, भर उन्हात डांबरावर उभे करतात.

एक वही फक्त पुढच्या खेपेसाठी ठेवा. डाव्या पानावर जे घडलं ते, तारीख-वेळ-भाव सगळं. उजव्या पानावर ‘पुढच्या वेळी’. परतीच्या गाडीतच लिहा, घरी आल्यावर लिहू म्हटलं की राहतं. माझ्या उजव्या पानांवरचं काही: वाट मोंगखोन बोफितच्या मागे सकाळी सात. (या मंदिराच्या दुरुस्तीला १९५० च्या दशकात बर्माच्या पंतप्रधानांनी देणगी दिली होती, ज्यांनी जाळलं त्यांच्याच देशातून.) वाट चायवत्थनारामला शनिवार-रविवार नको. २०१८ पासून तिथे पारंपरिक थाई कपडे भाड्यानं घालून फोटो काढणाऱ्यांची जत्रा असते. पहिल्यांदा मला राग आला, नंतर एक आजी नातीच्या खांद्यावरची शेला-पट्टी टाचणीनं नीट करताना दिसली, तिचं चित्र चांगलं आलं. तरी सोमवारच बरा.

पाचवी खेप या डिसेंबरात. राखलेलं आहे वाट माहेयोंग, बेटाच्या बाहेर पूर्वेला, हत्तींनी वेढलेला विटांचा स्तूप, अजून फोटोही मुद्दाम बघितलेला नाही. पायऱ्या मोजायच्या आहेत. यांचं म्हणणं एकच, स्टेशनातला चहा दुधाच्या डब्याचा आणि फार गोड असतो, तेव्हा थर्मास सोबत घ्यायचा आणि खोलीवरच आलं घातलेला चहा करून न्यायचा. आलं विमानात चालतं का, ते मुलाला विचारून ठेवलंय.